वेगळ्या चुलीचा पहिला धूर

एकत्र घरातून एखादा मुलगा वेगळा निघतो, तेव्हा पहिले वर्षभर त्याच्या घरी फारसे चवदार काही शिजत नाही. चूल नवी असते, तिचा ओढा बसलेला नसतो, धूर डोळ्यांत जातो. भाजी आईच्या हातासारखी करायची धडपड असते आणि ती तशी होत नाही. शेजारीपाजारी येऊन चव घेतात आणि जाताना जुन्या घराचीच वाखाणणी करून जातात. ज्याला इंग्रजीत ‘स्पिनऑफ’ म्हणतात, त्या दूरदर्शन मालिकांचेही असेच असते. मूळ मालिका नावाजलेली असते. तिच्या कुशीतून दुसरी निघते. आडनाव तेच, देव्हारा तोच, पण माणसे नवी. आणि पहिल्या सीझनमध्ये सगळ्यांच्या डोळ्यांत धूर.

‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेचा पहिला सीझन मी अलीकडेच सहा ब्लू-रे डिस्कवर, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही भाग न गाळता पाहिला. एकूण सव्वीस भाग. प्रत्येक भाग पाऊण तासाचा धरला तर साडेएकोणीस तास. त्यातले निम्मे तास मी गोव्यात पाहिले आणि निम्मे गुंजीला, आमच्या मूळ घरी, चवथीच्या दिवसांत. या दुसऱ्या निम्म्याबद्दल लिहावे असे बरेच दिवस मनात होते. पण त्याआधी मालिकेची थोडी ओळख करून देणे भाग आहे. कारण आपल्यातल्या बहुतेकांना ‘स्टार ट्रेक’ म्हणजे टोकदार कानांचा माणूस, एवढेच आठवते.

तो टोकदार कानांचा स्पॉक मूळ मालिकेतला. ती मालिका अमेरिकेत १९६६ ते १९६९ अशी तीनच सीझन चालली, एकोणऐंशी भाग झाले आणि बंद पडली. बंद पडल्यानंतर पुनःप्रक्षेपणांतून ती खरी लोकप्रिय झाली. ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शनवर रविवारी सकाळी ती दाखवत असत. मी तेव्हा फारच लहान होतो आणि गुंजीत आमच्या घरी टीव्ही नव्हता. माझा डोंबिवलीचा मावसभाऊ मे महिन्यात यायचा आणि अंगणात सारवलेल्या जमिनीवर काठीने एंटरप्राइज यानाचे चित्र काढून आम्हाला एकेका भागाची गोष्ट सांगायचा. त्यामुळे माझ्यासाठी कॅप्टन कर्क आधी डोंबिवलीच्या मराठीत बोलला आणि नंतर इंग्रजीत. पुष्कळ वर्षांनी मूळ भाग पाहिले तेव्हा मावसभावाने आपल्या पदरचे बरेच घातले होते असे लक्षात आले. त्याचे भाग जास्त रंगतदार होते.

अशा लाडक्या मालिकेची ‘पुढची पिढी’ काढायचे जीन रॉडेनबेरी याने ठरवले आणि २८ सप्टेंबर १९८७ च्या आठवड्यात तिचा पहिला दोन तासांचा भाग अमेरिकेत दाखवला गेला. मोठ्या वाहिनीच्या आश्रयाला न जाता ही मालिका गावोगावच्या स्थानिक केंद्रांना थेट विकली गेली होती. गोष्ट कर्कच्या काळानंतर सुमारे शतकभराने घडते. यानाचे नाव तेच, एंटरप्राइज. कप्तान मात्र टक्कल पडलेला, नावाने फ्रेंच आणि उच्चाराने इंग्रज, ज्याँ-लुक पिकार्ड. ही भूमिका करणारा पॅट्रिक स्टुअर्ट हा रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या रंगमंचावर घडलेला नट. ही मालिका चालेल असे त्याला वाटत नव्हते, त्यामुळे कितीतरी आठवडे आपण बॅगा उघडून सामानही लावले नव्हते, असे त्याने पुढे सांगितले आहे. बदलीच्या गावी गेलेला आमच्यासारखा कारकून पहिले दोन महिने ट्रंकेतूनच शर्ट काढतो, तसे.

१९८७ हे साल मला वेगळ्याच कारणाने पाठ आहे. मी ज्या राज्याच्या सरकारात आज यूडीसी म्हणून फायली हलवतो, त्या गोव्याचा राजभाषा कायदा त्याच सालचा, आणि ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले तेही त्याच साली. आमच्या बाबांना मात्र त्याच्या आधीचे साल पाठ आहे. १ जून १९८६. कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात बेळगाव भागात गोळीबार होऊन माणसे गेली, तो दिवस. त्या आंदोलनात बाबाही होते आणि आठ दिवस आत राहून आले होते. एकाच्या घरी पुढची पिढी जन्माला येत होती, तेव्हा दुसऱ्याच्या घरी मागची पिढी रस्त्यावर होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही हे मला कळते. पण डिस्कचा खोका आमच्या घरात आला आणि तो संबंध आपोआप जुळला.

खोका आणला माझ्या पुतण्याने. हा मुलगा गुंजीत वाढला, सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकला, पुढे खानापूर-बेळगाव करत पदवीधर झाला. विज्ञानकथांचे वेड त्याला माझ्याकडून लागले. जयंत नारळीकरांची पुस्तके मी त्याला दर चवथीला नेऊन द्यायचो. नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही आपली पहिली विज्ञानकथा ‘नारायण विनायक जगताप’ अशा टोपणनावाने पाठवली होती, आपल्या नावाकडे बघून बक्षीस मिळू नये म्हणून. ही हकीकत त्याला इतकी आवडायची की तो ती पुन्हापुन्हा सांगायला लावायचा. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून नवे नाव घ्यायचे आणि नव्या नावाने परीक्षेला बसायचे, यात त्या वयात त्याला काय दिसत असेल कोण जाणे. मोठेपणी बंगळूरमधला त्याचा एक मित्र परदेशी निघाला आणि जाताना ब्लू-रेचे यंत्र आणि हा खोका त्याने पुतण्याला स्वस्तात दिला. पुतण्याने पहिल्या तीन डिस्क मला पोस्टाने पाठवल्या आणि उरलेल्या चवथीला गुंजीत बघू, असा निरोप दिला.

आता मालिका कशी आहे ते सांगतो. खरे सांगायचे तर पहिल्या दोन डिस्क म्हणजे धूरच धूर आहे. पहिल्या लांब भागानंतर लगेच येणारी ‘द नेकेड नाऊ’ ही गोष्ट म्हणजे १९६६ च्या ‘द नेकेड टाइम’ची उघड पुनरावृत्ती. कसल्याशा संसर्गाने यानावरचे लोक दारू प्यायल्यासारखे वागू लागतात. मूळ मालिकेत ही गोष्ट आली तोवर माणसे थोडीफार ओळखीची झाली होती, त्यामुळे त्यांचे बहकणे मजेचे वाटले. इथे शुद्धीवर असताना ती कशी असतात हेच अजून आपल्याला कळलेले नाही, तर बेशुद्धीत कशी असतात ते पाहून काय करायचे? ‘कोड ऑफ ऑनर’ हा भाग तर आज बघवत नाही. कृष्णवर्णीयांचे एक परग्रहीय राज्य त्यात ज्या पद्धतीने दाखवले आहे, त्याबद्दल मालिकेतल्या कलाकारांनीच पुढे नाराजी बोलून दाखवली आहे. फेरेंगी नावाची नवी शत्रूजमात मोठ्या अपेक्षेने आणली जाते आणि माकडांसारख्या उड्या मारून हसू करून जाते.

असे का झाले, याची कारणे आता बरीच माहीत झाली आहेत. रॉडेनबेरीचा आग्रह असा की, चोविसाव्या शतकातला माणूस इतका सुधारलेला असेल की यानावरची माणसे आपसात भांडणार नाहीत. आता भांडण नाही म्हटल्यावर नाटक कुठून आणायचे? हा नियम आमच्या गुंजीच्या घराला लावला असता तर एका चवथीचाही एपिसोड झाला नसता. त्यात भर म्हणजे लेखकांची ये-जा. जुन्या मालिकेशी जोडलेले डी. सी. फोंटाना आणि डेव्हिड जेरॉल्ड यांच्यासारखे लेखक पहिल्याच सीझनमध्ये बाहेर पडले. नव्या चुलीवर जुन्या सुगरणी आल्या आणि भांडी आपटून निघून गेल्या. मागे उरलेल्यांना जुन्याची नक्कल करावी की नवे काही करावे हेच कळेना.

नक्कल आणि वारसा यांत मात्र फरक आहे, आणि त्याचे एक उदाहरण आपल्या मुंबईशी जोडलेले आहे. सत्तरीच्या दशकात मूळ मालिकेची एक दुसरी आवृत्ती काढायचे घाटत होते. तीत डेकर नावाचा तरुण अधिकारी आणि आयलिया नावाची, दुसऱ्याच्या मनातले जाणणारी परग्रहावरची स्त्री, अशी दोन नवी पात्रे होती. मालिका झाली नाही, १९७९ साली त्याऐवजी चित्रपट निघाला, आणि त्यात डोक्याचा तुळतुळीत गोटा करून आयलिया झाली ती मुंबईची पर्सिस खंबाटा, १९६५ ची मिस इंडिया. पुढच्या पिढीची मालिका उभी राहिली तेव्हा डेकर-आयलियाच्या साच्यातूनच रायकर आणि डिॲना ट्रॉय ही जोडी घडवण्यात आली. चित्रपटासाठी जेरी गोल्डस्मिथने केलेले संगीतही या मालिकेच्या शीर्षकाला आले. पर्सिस खंबाटा १९९८ साली मुंबईतच वारली. ट्रॉयच्या खुर्चीमागे आपल्याकडच्या एका मुलीची सावली आहे हे ठाऊक असले की पहिल्या सीझनमधले ते थोडे बावळट वाटणारे पात्रही जरा आपुलकीने बघितले जाते.

आता गुंजी. लोंढ्याहून बेळगावकडे निघालेली गाडी खानापूरच्या आधी जे छोटे स्टेशन घेते, ते आमचे गाव. माऊलीचे देऊळ, भातशेती, आणि जून ते सप्टेंबर छपरावरून हटता न हटणारा पाऊस. गोवा जवळ, त्यामुळे आमच्याकडेही गणपतीला चवथच म्हणतात. गाव कर्नाटकात, भाषा मराठी. महाजन आयोगाने १९६७ साली जो अहवाल दिला त्यात खानापूर, नंदगड, निपाणीसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत असे म्हटले होते आणि बेळगाव शहर मात्र तिकडेच ठेवले होते. महाराष्ट्राने तो अहवाल मानला नाही. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. आमच्या बाबांच्या दृष्टीने हा दावा म्हणजे घरातलाच एक माणूस आहे. त्याची प्रकृती कशी आहे हे ते रोज ‘तरुण भारत’ उघडून बघतात.

पुतण्याने दोन वर्षांमागे कर्नाटक सरकारची परीक्षा दिली. त्यासाठी कन्नडचा अनिवार्य पेपर द्यावा लागतो, तोही दिला. एसडीए म्हणून नेमणूक झाली आणि तो उत्तर कर्नाटकातल्या एका तालुक्याच्या गावी रुजू झाला. बाबा काही ओरडले नाहीत. ते एवढेच म्हणाले, “मग दारावरची पाटीबी त्यांच्याच भाषेत लाव.” आणि त्यानंतर त्यांनी त्याच्याशी सरळ बोलणे सोडले. जेवणाची पाने वाढली की, “त्याला सांगा, ये म्हणावं.” तो समोर बसलेला असताना, “त्याची गाडी कितीची काय की.” नातू ऐंशी वर्षांच्या आजोबाला उलट बोलला नाही, हे त्याचे मोठेपण. पण तोही हळूहळू कमी यायला लागला. मला तर या प्रकरणात तोंड उघडायला जागाच नव्हती. मीही अकरावीपासून मामाकडे गोव्यात राहून तिथल्याच सरकारचा कारकून झालो. पण “गोव्यात मराठी चालते” हा बाबांचा न्याय, आणि त्या न्यायाने मी सुटलो होतो.

चवथीच्या तिसऱ्या दिवशी पावसाने सगळ्यांना घरात कोंडले. पुतण्याने टीव्हीला यंत्र जोडले, चौथी डिस्क संपली होती, पाचवी लावली. बाबा खाटेवर अडकित्ता घेऊन बसले होते. त्यांना इंग्रजी येत नाही. त्यांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिलेच नाही. मग ‘हार्ट ऑफ ग्लोरी’ हा भाग सुरू झाला, मार्च १९८८ चा, आणि त्यांनी मान वर केली.

या भागाचा नायक वॉर्फ. हा क्लिंगॉन जमातीचा. मूळ मालिकेत क्लिंगॉन म्हणजे हाडवैरी. आता तह झाला आहे, पण त्यांच्यापैकी हा एकटाच माणसांच्या ताफ्याच्या वर्दीत उभा असतो, आणि पहिल्या सीझनमधले बरेच भाग तो मागे नुसता उभाच असतो. वॉर्फ हे पात्रही ऐनवेळी घातलेले, त्यामुळे लेखकांना त्याचे काय करावे हे कळायला अर्धा सीझन गेला. या भागात ते कळते. एका फुटक्या जहाजातून तीन क्लिंगॉन वाचवून आणले जातात. ते आपल्याच राज्याचे फरारी बंडखोर असतात. तह त्यांना मान्य नाही. लढाई हाच क्लिंगॉनचा धर्म, असे मानणारे. ते वॉर्फला विचारतात, तू या लोकांत काय करतोस? आणि वॉर्फ सांगतो की लहानपणी आपल्या वसाहतीवर हल्ला झाला, सगळे मेले, ढिगाऱ्यातून एका मानव अधिकाऱ्याने आपल्याला उचलले आणि एका शेतकरी वसाहतीत नेऊन स्वतःच्या मुलासारखे वाढवले.

“हा कपाळावर घाट असलेला कुणातला रे?” बाबांनी विचारले. प्रश्न माझ्याकडे बघून होता. पण मी नेमका गणपतीपुढची समई सारखी करायला उठलो होतो, आणि उत्तर पुतण्याने दिले. “क्लिंगॉन, आज्जा. त्यांचा वैरी होता पहिल्यांदा. खरं वाढला त्यांच्यात.” बेळगावकडच्या मराठीत ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात. गोव्यात इतकी वर्षे काढल्यावर मला तो शब्द कानाला वेगळा लागतो. “मग आता कुणाचा?” बाबांनी विचारले, आणि या वेळी पुतण्याकडे बघून.

पुढचा अर्धा तास पुतण्याने त्यांना एकेक वाक्य मराठीत करून सांगितले. तिघांतला एक जखमी क्लिंगॉन मरतो, तेव्हा बाकीचे त्याचे डोळे उघडे धरून आकाशाकडे तोंड करून डरकाळी फोडतात, आणि वॉर्फही फोडतो. मेलेल्यांच्या जगाला दिलेली ही सूचना असते, तुमच्याकडे एक वीर येतो आहे, सावध राहा. इथे पुतण्याला सांगावे लागले नाही. बाबांनी अडकित्ता खाली ठेवला होता. शेवटी बंडखोरांचा म्होरक्या इंजिनघरात जाऊन सगळे यान उडवायची धमकी देतो. वॉर्फ त्याच्यासमोर उभा राहतो. तो त्याच्या शौर्याला नाकारत नाही. पण कर्तव्य आणि निष्ठा यांचाही मान असतो, असे त्याला सांगतो, आणि तो ऐकत नाही तेव्हा स्वतःच्या हाताने त्याला मारतो. नंतर क्लिंगॉन जहाजाचा कप्तान वॉर्फला म्हणतो की, तुझी इकडची मुदत संपली की आमच्याकडे ये. वॉर्फ अदबीने हो म्हणतो. संपर्क तुटल्यावर यानावरचे सगळे त्याच्याकडे बघू लागतात, तेव्हा तो खुलासा करतो की आपण केवळ सभ्यपणा म्हणून तसे बोललो.

यावर बाबा हसले. आमच्या घरात बऱ्याच दिवसांत इतके मोठ्याने कुणी हसले नव्हते. मग ते म्हणाले, “डरकाळी खरं फोडली की त्यानं.” पुतण्या म्हणाला, “फोडली की.” बस्स, एवढेच. यापुढे कुणी कुणाच्या गळ्यात पडले नाही. बाबांनी पाटीचा विषय मागे घेतला नाही आणि नातवाने नोकरीचे समर्थन केले नाही. रात्री जेवताना मात्र, “ये, बस,” हे त्यांनी सरळ त्यालाच म्हटले. आणि दुसऱ्या दिवशी सहावी डिस्क कधी लावणार, हेही त्यालाच विचारले.

मी नंतर पुष्कळ विचार केला की त्या भागात असे काय होते. मला वाटते, बाबांना इतकी वर्षे दोनच माणसे ठाऊक होती, लढणारा आणि फितूर. तिसरा माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर कुणी उभा केला नव्हता. वर्दी दुसऱ्यांची आहे, कामात कसूर करत नाही, आपल्यातल्याच बंडखोराला अडवतो, आणि तरी आपला माणूस मेला की ज्याच्या गळ्यातून आपल्याच भाषेतली डरकाळी निघते, असा माणूस. सीमाभागातली पुढची पिढी बरीचशी अशी आहे. तिला दोन भाषांत फायली वाचता येतात. १ नोव्हेंबरला कचेरीत राज्योत्सवाचा ध्वज लागतो आणि घरी तोच काळा दिवस असतो, आणि ती दोन्ही ठिकाणी उभी असते. तिला फितूर म्हणणे सोपे आहे. तिला स्वतःची गोष्ट सापडायला वेळ लागेल, एवढे कुणी म्हणत नाही. बाबांच्या बाजूनेही तितकेच खरे आहे. ज्यांच्या डोळ्यांदेखत माणसे गेली, त्यांनी हे पटकन समजून घ्यावे अशी अपेक्षा करणारे आपण कोण?

डिस्कबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. ही मालिका पस्तीस मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाली होती, पण तिचे संकलन आणि यानांचे चमत्कार सगळे व्हिडिओ टेपवर, त्या काळच्या कमी रेषांच्या चित्रात, पुरे केले होते. त्यामुळे पहिल्या डीव्हीडी निघाल्या त्यांवर चित्र धूसरच राहिले. ब्लू-रे काढायची वेळ आली तेव्हा लोकांनी कोठारातली मूळ निगेटिव्ह बाहेर काढली, प्रत्येक भाग तुकड्या-तुकड्याने पुन्हा जोडला, यानांचे वेगवेगळे घेतलेले थरही पुन्हा एकावर एक बसवले. जिथे फिल्म मिळाली नाही तिथे चित्र नव्याने संगणकावर केले. पहिल्या सीझनचा असा खोका जुलै २०१२ मध्ये आला. चित्राची चौकट मात्र जुनीच, टीव्हीच्या चौकोनी आकाराची ठेवली. खर्च एवढा झाला आणि विक्री तेवढी झाली नाही, त्यामुळे हिच्या पाठोपाठ निघालेल्या ‘डीप स्पेस नाइन’ आणि ‘व्हॉयेजर’ या मालिकांच्या नशिबी हे भाग्य आजवर आलेले नाही.

गंमत अशी की, ही मेहनत सर्वांत कच्च्या सीझनवरही तितक्याच निष्ठेने केली आहे. ‘कोड ऑफ ऑनर’सुद्धा तेवढ्याच स्वच्छ रंगांत दिसतो. लाज वाटते म्हणून कुणी तो गाळला नाही. बाबांच्या खाटेखाली एक पत्र्याची ट्रंक आहे. तीत आंदोलनातली पत्रके, कात्रणे, बिल्ले आणि एक वाळवीने अर्धी खाल्लेली सभासद वही आहे. त्यातली काही पत्रके आज वाचताना अंगावर काटा येतो, काहींची भाषा आज लिहवणार नाही. तरी ती सगळी ठेवावीत असे मला वाटते. पुतण्याने त्या चवथीला मोबाइलवर त्या कागदांचे फोटो काढायला सुरुवात केली. एक कागद धरायला बाबा, एक फोटो काढायला तो. मूळ निगेटिव्ह जपलेली असली तर पुढे कधीतरी चित्र स्वच्छ करता येते. ती टाकून दिली की उरते ती धूसर टेप, आणि तिच्यावरून प्रत्येकजण आपापले भांडण करतो.

ज्यांना ही मालिका बघायची आहे त्यांनी पहिल्या सीझनमधले काय बघावे? ‘द बिग गुडबाय’ बघा. यानावरच्या मायाखोलीत पिकार्ड १९४० च्या दशकातला गुप्तहेर होतो, आणि या भागाला पीबडी पुरस्कार मिळाला. ‘११००१००१’ बघा. त्यातले जोडीजोडीने बोलणारे संगणकी जीव आजच्या काळात अधिकच ओळखीचे वाटतील. ‘हार्ट ऑफ ग्लोरी’ तर बघाच. ‘स्किन ऑफ इव्हिल’मध्ये टॅशा यार ही सुरक्षा अधिकारी अचानक, काही कारण नसल्यासारखी मरते. मालिकेतल्या मुख्य माणसांना तसे मरण सहसा येत नाही, म्हणून तो भाग वाईट असूनही लक्षात राहतो. दुसऱ्या सीझनमध्ये ‘द मेझर ऑफ अ मॅन’ येतो. त्यात डेटा हा यंत्रमानव सरकारची मालमत्ता की स्वतंत्र व्यक्ती यावर रीतसर सुनावणी होते. आमच्या कचेरीतल्या प्रत्येकाला ती दाखवावी असे माझे मत आहे. तिसऱ्या सीझनपासून मायकेल पिलर लेखकांचा प्रमुख झाला आणि चुलीचा ओढा नीट बसला. १९९४ पर्यंत सात सीझन, १७८ भाग झाले. आज पुष्कळ लोक या मालिकेला मूळ मालिकेपेक्षा वरचढ मानतात.

पण मी म्हणेन, पहिली डिस्क सगळे संपल्यावर पुन्हा एकदा लावा. पहिल्या भागात ‘क्यू’ नावाचा एक सर्वशक्तिमान प्राणी पिकार्ड आणि त्याच्या सोबत्यांना कोर्टात उभे करतो. आरोप असा की, माणूस ही एक रानटी जात आहे. पूर्वजांनी केलेल्या सगळ्या लढायांचा हिशेब त्या नव्या माणसांकडे मागितला जातो. पिकार्ड पूर्वजांचे गुन्हे नाकारत नाही. तो एवढेच म्हणतो की, आम्ही आता कसे आहोत ते बघून ठरवा. भागाच्या शेवटीही निकाल लागत नाही. सात वर्षांनी, १९९४ च्या अगदी शेवटच्या भागात, पिकार्डला पुन्हा त्याच कोर्टात उभे राहावे लागते, आणि तेव्हा कळते की तो खटला मधल्या काळात कधी संपलाच नव्हता. पुतण्याने ती सातव्या सीझनची शेवटची डिस्क मिळवली आहे. मला त्याने कळवले आहे की ती गुंजीतच लावायची, आणि आज्जाला कोर्टाचा भाग तोच समजावून सांगणार.